वाकडं बोट

"बोट सरळ धर. बोलताना बोट वाकलं, की अर्थ सांडतो."

आईचा हा आवाज वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीही पोलिक्सेनीच्या मनात तसाच उमटत असे, आणि खरी गोष्ट अशी की तो आवाज कधी नव्हताच. मेरोपी, तिची आई, जन्मापासून बहिरी. वडीलही तसेच. त्यांच्या घरात सगळे बोलणे हातांनी चाले. दाराची घंटा म्हणजे लुकलुकणारा दिवा. घराबाहेर पडताना दिवा दोनदा लुकलुकवला की 'येते हं' झाले. हाक म्हणजे लाकडी जमिनीवर आपटलेला पाय. त्याचा थरार फळ्याफळ्यांतून सरकत समोरच्याच्या तळव्यांना जाऊन भिडे. त्या घरात पोलिक्सेनी एकटीच ऐकणारी निपजली, म्हणून पाचव्या वर्षापासून बाजारात, बँकेत, दवाखान्यात आईबापांचे कानही तीच आणि जीभही तीच. आई शिकवायला कडक. पीठ मळता मळता ती थांबे, पिठाळ हाताने लेकीची तर्जनी धरून शेंगेची शीर ओढावी तशी ओढून ताठ करी आणि सांगे, "तोंडातल्या तोंडात पुटपुटणारं पोर ऐकणाऱ्या लोकांना खपत नाही ना? मग हातातल्या हातात पुटपुटलेलं मला कसं खपेल?" त्या मेजावरचे शिक्षण पुढे पोटापाण्याला आले. चोवीस वर्षे पोलिक्सेनी थेस्सालोनिकीत बहिऱ्यांची दुभाषी होती. सकाळी न्यायालय, दुपारी कुणाचे बाळंतपण, संध्याकाळी शाळेतली पालकसभा. नियम असा की दोन दुभाष्यांनी वीस-वीस मिनिटांनी आळीपाळीने बोलावे, कारण हात थकले की चुकतात. पण नियम पाळायला दुसरे माणूस लागते, आणि ते कधीच नसे. तीन-तीन तास ती एकटी उभी राही, आणि आजवर तिच्या हातून एक शब्द सांडला नव्हता.

तो सांडला ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, वकीलबाईंच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, जिथून बंदरातल्या माल उचलायच्या याऱ्या माना वर करून उभ्या दिसतात. समोर आसिमिना बसली होती. बत्तीस वर्षांची, बहिरी, शिवणकाम करणारी, नवऱ्यापासून वेगळी झालेली. नवरा ऐकणारा. त्याने अर्ज केला होता की चार वर्षांची मिर्सिनी आपल्या ताब्यात द्यावी, कारण बहिऱ्या आईला मुलीचे रडणे ऐकू येणार नाही आणि मुलीला बोलणे शिकवता येणार नाही. सुनावणी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ठरली होती. आसिमिनाने वचन घेऊन ठेवले होते: त्या दिवशी दुसरी कुणी नको, तूच. हे वचन वसंतात दिलेले, हात चांगले असताना. तर त्या गुरुवारी वकीलबाईंनी सहज विचारले, मुलीला कधी एकटं सोडता का? पोलिक्सेनीचे हात उठले. त्या भाषेत 'एकटं सोडणं' आणि 'फटका देणं' यांत अंतर एकाच बोटाचे. एकात तर्जनी काठीसारखी ताठ, दुसऱ्यात आकड्यासारखी वाकलेली. तर्जनी ताठ झाली नाही. आसिमिनाचा चेहरा उतरला. तरी तिने खरे ते सांगितले, आणि पोलिक्सेनीच्या तोंडाने ते मोठ्याने म्हटले, "कधीतरी. रस्त्यावर धावत सुटते तेव्हा." वकीलबाईंचे पेन थबकले. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारले, "रस्त्यावर? एकटीला?" तेव्हा कुठे पोलिक्सेनीला आपले वाकलेले बोट दिसले. तिने दोघींना थांबवले, दोघींना दोन भाषांत चूक सांगितली, माफी मागितली. वकीलबाई हसल्या. त्यांनी लिहिलेले खोडले आणि म्हणाल्या की अहो, कागद आहे, कागदावरचं खोडता येतं. न्यायाधीशासमोर तोंडातून गेलेले खोडता येत नाही, हे तिघींनाही ठाऊक होते. जिन्यात आसिमिनाने तिचे मनगट धरले, कापडाची उलटी बाजू बघावी तसा तिचा हात उलटा केला, सुजलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि काही न विचारता सोडून दिला. ते न विचारणे पोलिक्सेनी दिवसभर अंगावर घेऊन हिंडली.

बोट का वाकले हे तिला माहीत होते. दहा दिवसांपूर्वी कळले होते, आणि दहा दिवस ते तिने पदराआड दिवा धरावा तसे लपवून धरले होते. त्या डॉक्टरांच्या खोलीत ती आधी कितीदा तरी आलेली, पण नेहमी बाजूच्या खुर्चीत. दुसऱ्याची वाईट बातमी एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने द्यायची. डॉक्टर आवाज कधी उतरवतात, चष्मा कधी काढतात, हे सगळे तिला पाठ होते. तरुण डॉक्टरने चष्मा काढला तेव्हा तिचे काळीज आधी समजले, कान नंतर. सूज आणणारा संधिवात आहे, तो म्हणाला. शरीराचंच सैन्य शरीरावर उलटतं. शत्रू कुणी नसतो, तरी लढाई असते. जुनाट आहे. जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो. आणि पोलिक्सेनीला जाणवले की मांडीवर, मेजाच्या खाली, आपले हात हलताहेत. ते भाषांतर करत होते. सैन्य. उलटणे. जुनाट. कुणासाठी? समोरची खुर्ची रिकामी, आई जाऊन सहा वर्षे झाली. डॉक्टर बोलायचा थांबला तरी हात थांबेनात. 'जुनाट'पाशी येऊन तर्जनी अडली आणि तो शब्द पुरा झालाच नाही. काही विचारायचंय का, असे डॉक्टरने विचारल्यावर तिने सवयीने तेच म्हटले जे चोवीस वर्षे दुसऱ्यांसाठी म्हणत आली होती: पुन्हा एकदा सांगता का, जरा सावकाश. त्याने सावकाश सांगितले. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर विष. गुण यायला दोन-तीन महिने. रक्त वरचेवर तपासायचे. मग त्याने उद्योग विचारला, कामाला हात लागतात का म्हणून.

"मी बोलते," ती म्हणाली.

त्याने कागदावर काहीतरी लिहिले. हात लागत नाहीत, असेच लिहिले असणार.

दोन-तीन महिने, आणि सुनावणी चार आठवड्यांवर. औषध वेळेत पोचणार नव्हते, हा साधा हिशेब तिने त्या खोलीतच मांडला होता. पण तेव्हा तो तिच्या एकटीचा होता. दुखणे आपले, सकाळ आपली. सकाळ म्हणजे जागे होताच दोन्ही पंजे कुणीतरी ओल्या मातीत पुरून ठेवल्यासारखे. मूठ मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. गुंडी म्हणजे डोंगर. कॉफीचे भांडे दोन तळव्यांत धरून उचलायचे, दुधाच्या बाटलीचे झाकण दातांनी. देवापुढच्या तेलदिव्याची वात आई गेल्यापासून ती रोज नेमाने बदलत आलेली. ती चिमटीत धरता येईना म्हणून भुवया उपटायच्या चिमट्याने धरायची. एक दिवस चिमटाही सुटला, वात तेलात बुडाली, आणि ती तसबिरीपुढे उभी राहून अशी रागावली की तिचे तिलाच नवल वाटले. देवावर नव्हे, देवावर रागवायला तिला आईने शिकवले नव्हते. राग त्या सैन्यावर, जे आपले म्हणवते आणि आपल्याच घराला आग लावते. तिने तेल पालथे केले, नवे ओतले, नवी वात लावली, सात वेळा प्रयत्न करून. नेम म्हणजे नेम. गोळीचाही तिने गुरुवार धरला, उपास धरावा तसा, कॅलेंडरवर क्रॉस मारून. पण आता, त्या कचेरीतल्या एका वाक्यानंतर, दुखणे तिचे एकटीचे उरले नव्हते. तिच्या पेरातली सूज एका चार वर्षांच्या पोरीच्या अंथरुणापर्यंत जाऊन पोचली होती. आता विचारायला हवे ते हे: मी जाते म्हणतेय तो शब्द पाळण्यासाठी, की मिरवण्यासाठी? ज्या सुताराचे छत दुसऱ्यांवर पडण्याची भीती आहे त्याने मीच बांधणार म्हणून हट्ट धरावा का?

तिने आर्गिरिसला फोन केला. दुभाष्यांना कामे वाटून देणारा तो माणूस. वाईट नव्हता, फक्त त्याला सगळे लवकर मिटवायची घाई. तिने दुखण्याचे नाव सांगितले तर पलीकडून आधी 'लवकर बरी हो'चा भडिमार, आणि मग तो मुद्द्यावर आला. अथेन्समधली एक मुलगी पडद्यावरून भाषांतर करायला तयार होती. चांगली शिकलेली, हात एकदम छापील. पोलिक्सेनीने तब्येतीचे कारण देऊन नाव काढून घ्यावे. दुखणे कोणते हे कुणाला सांगूही नये, नाहीतर पुढे कामे मिळायची नाहीत. जानेवारीपासून कचेरीत बसून वेळापत्रक सांभाळ, तो म्हणाला, त्यात हात लागत नाहीत.

"तुझ्या बऱ्यासाठीच सांगतोय गं. गुडघा गेला की खेळाडू मैदान सोडतोच ना?"

"मी गुडघ्यानं बोलत नाही, आर्गिरिस," ती हळूच म्हणाली. तिला मोठ्याने बोलता येतच नसे. ज्या घरात कुणी ऐकत नाही तिथे आवाज चढवायची सवय कुणाला लागणार. विचार करून कळवते, असे सांगून तिने फोन ठेवला, आणि विचार करायच्या ऐवजी बराच वेळ नुसती त्या फोनकडे पाहत बसली, कारण त्याचे म्हणणे शहाणपणाचे होते.

रविवारी प्रार्थनेहून परस्पर स्तामातिया मावशी आली. आईची धाकटी बहीण, ऐकणारी, ऐंशीला टेकलेली, जिना चढताना प्रत्येक पायरीला एकेका संताचे नाव घेणारी. आर्गिरिसची बायको तिला चर्चमध्ये भेटली होती, तेव्हा काही सांगायचे उरले नव्हते. मावशीने पिशवीतून कोबीची लोणचवलेली पाने काढली, अक्रोडाचा केक काढला, आणि शेवटी रुमालात गुंडाळलेला चांदीच्या पातळ पत्र्याचा कापलेला हात काढला, वर गुलाबी फितीचा फास. नवसाचा. देवमातेच्या तसबिरीपाशी लटकवायचा. तिथे पाय, डोळे, काळजे, तान्ही बाळे अशी रांगच लागलेली असते. पोलिक्सेनीने तो तळव्यावर घेतला. पाची बोटे सरळ, काठीसारखी.

"मावशी, एकच आणलास? मी दोन हातांनी बोलते."

"देवमातेला कळत नाही होय दुसरा? ती काय तुमच्या आर्गिरिससारखी आहे?" मावशीने केक कापला. "आणि सुनावणी मंगळवारी. मंगळवारी कुणी चांगलं काम काढतं का? नको जाऊस. तुझी आईही अशीच हट्टी होती. माझा कान नाही तिनं परत आणला?"

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मेरोपी गरोदर असताना मावशीने तिला न सांगता चांदीचा कान वाहिला होता, मूल ऐकणारे व्हावे म्हणून. पोलिक्सेनी दहा वर्षांची असताना मावशीच्या तोंडून ते निघाले, आणि त्याचे भाषांतर आईला करून सांगायचे काम अर्थातच पोलिक्सेनीवर आले. दुसऱ्या दिवशी आई लेकीला घेऊन चर्चमध्ये गेली, मेणबत्ती लावली, नमस्कार केला, शांतपणे हात वर करून तो कान खिळ्यावरून उतरवला आणि शिवणाच्या डब्यात बटनांबरोबर ठेवून दिला. पाद्री धावत आला. त्याचे आईशी जुने भांडण होतेच: प्रार्थनेच्या वेळी ही पोर आईपुढे तोंड करून उभी राहते, पाठ देवाकडे करते. पोलिक्सेनी खरेच तशी उभी राही, कारण आईला पाद्र्याचे शब्द हातांनी पोचवायचे तर आईकडेच तोंड करावे लागे. त्या दिवशी पाद्र्याने विचारले, देवाला वाहिलेलं काढून नेतात का? आईने उत्तर दिले आणि दहा वर्षांच्या लेकीने ते बारीक आवाजात म्हटले, "आई म्हणते, देवाला चुकीच्या कामाला लावलं होतं. तेवढं फक्त मागे घेतलं." पुढच्या रविवारी पोलिक्सेनी पुन्हा देवाकडे पाठ करून उभी राहिली, आणि पुन्हा कुणी काही म्हटले नाही. मावशीला ही आठवण तक्रार म्हणून सांगायची होती. पोलिक्सेनीच्या अंगात ती गरम सूपासारखी उतरत गेली.

मावशी गेल्यावर तिने तो हात मेजावर ठेवला आणि खिडकीपाशी बसली. उत्तरेचा वार्दारिस वारा सुटलेला, सगळे शहर समुद्राकडे कलल्यासारखे. आणि तिला त्याहून जुने काहीतरी आठवले, जे शब्दांत कधी नव्हतेच, फक्त तळव्यांत होते. तीन वर्षांची असताना वडिलांच्या आईने तिला गावी नेऊन ठेवले होते. ऐकणाऱ्या माणसांत राहिली तर पोर बोलायला शिकेल, नाहीतर मुकी होईल, असे सगळ्यांचे ठरले. मेरोपीला कुणी विचारले नाही, कारण विचारणार कसे? चाळीस दिवस. चाळिसाव्या दिवशी ती गावातल्या त्या घरात लाकडी जमिनीवर बसली होती आणि तळव्यांखाली जमीन धडधडली. पुन्हा धडधडली. आजी खिडकीतून बघून हसली, म्हणाली, बघा, वेडी आली. आई एकटी, बसने, फाटकातून थेट ओसरीवर येऊन उभी होती आणि पाय आपटत होती. बोलायला तिच्याकडे त्या घरातल्या कुणाची भाषा नव्हती, त्या घरातल्या कुणाकडे तिची नव्हती. दुभाषी होती ती तीन वर्षांची आणि आत कोंडलेली. आई थांबली नाही. किती वेळ, कोण जाणे. मोठेपणी वडील सांगत, चांगले दोन तास. शेवटी आजीनेच दार उघडले, फळ्या मोडतील म्हणून. आसिमिनाच्या वेळी कुणीतरी दार उघडेपर्यंत पाय आपटत बसावे लागू नये, एवढ्याचसाठी तर ही चोवीस वर्षे. पण त्या दारात वाकड्या बोटाने उभे राहायचे का, हा प्रश्न तसाच होता, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे नाही, हे तिला त्या खिडकीत कळले. उत्तर जिचे मूल तिच्याकडे.

सोमवारी ती आसिमिनाच्या शिवणाच्या खोलीवर गेली. खोली तळमजल्यावर, तीन यंत्रे, भिंतीवर कागदी बेतांचे गठ्ठे. मिर्सिनी कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात बसून बाहुलीला दोन्ही भाषांत रागवत होती, तोंडाने आणि हातांनी. पोलिक्सेनीने सगळे सांगितले: दुखण्याचे नाव, गोळीचा गुरुवार, दोन-तीन महिने, अथेन्सची मुलगी. सांगताना दोनदा बोट अडले आणि तिने लपवले नाही. आसिमिनाने यंत्राचे बटन बंद केले आणि आधी भांडली. भरपूर भांडली.

"माझं पोर पणाला लागलंय, आणि तू हात खिशात घालून हिंडतेस? जिन्यात मी बघितलं तेव्हाच सांगायचंस. मी बहिरी आहे, आंधळी नाही."

पोलिक्सेनीने मान्य केले. म्हणूनच आलेय, ती म्हणाली, तू मोकळी आहेस. अथेन्सची मुलगी चांगली आहे. आसिमिनाने त्या मुलीला पडद्यावर पाहिले होते. ती बातम्यांसारखी बोलते, ती म्हणाली. इस्त्रीचे बोलणे, सुरकुती नाही. पण मी घाबरले की माझे हात बारीक होतात, ते तिला कुठे माहीत? मग ती उठली, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक जुनी कात्री काढली आणि पोलिक्सेनीपुढे ठेवली. ती कात्री मेरोपीची होती. शेवटची दहा वर्षे ती बहिऱ्यांच्या मंडळात मुलींना शिवण शिकवायची.

"तुझ्या आईचं शेवटी एक तरी बोट सरळ होतं का गं? द्राक्षाच्या खोडासारखे झाले होते हात. आम्ही बाराजणी तिच्याकडे शिकलो. मला कोट शिवता येतो. कोण म्हणेल मला तिचं बोलणं कळलं नाही?"

पोलिक्सेनी त्या कात्रीकडे पाहत राहिली. आईचे हात वाकले होते हे ती विसरली नव्हती. ती दुसरेच काही विसरली होती. इस्पितळात, शेवटच्या वर्षी, घाईच्या एका दुपारी, दोन कामांच्या मध्ये, तिने आईला हातांनी म्हटले होते: आई, बोट सरळ धर, कळत नाही. आई हसली होती. मग आईने तेच वाक्य पुन्हा म्हटले, पण बोटांनी नाही. बोटातला शब्द तिने मनगटात घेतला, मनगटात मावेना तो कोपरात, आणि उरलेला सगळा भुवयांवर, खांद्यांवर, श्वासात. वाक्य साधे होते, तहान लागलीय एवढेच. पोलिक्सेनीने पाणी दिले आणि ती पुढच्या कामाला पळाली. आई त्या खाटेवर पडल्या पडल्या तिला नवी भाषा शिकवत होती, आणि लेकीच्या बसची वेळ झालेली.

"चुकणार मी," तिने आसिमिनाला सांगितले. "दिवसभरात दोनदा तरी."

"चुकलीस की मी पाय आपटेन. मग तू पुन्हा बोल, तुझ्या आईसारखं."

"न्यायालयात?"

"का? न्यायालयाला जमीन नाही?"

मिर्सिनीने मान वर केली. आईने पाय आपटून दाखवला होता, आणि पोरीला वाटले तिलाच हाक मारली.

हे ऐकून वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज लिहिला: दुभाषीच्या बोटांना दुखणे आहे, शब्द अस्पष्ट वाटल्यास संबंधित स्त्री पाय आपटून सुचवील, दुभाषी तो शब्द पुन्हा सांगेल, त्यासाठी वेळ मिळावा. नऊऐवजी अकराला सुनावणी ठेवता येईल का, असेही विचारले, कारण सकाळचे दोन तास बोटे ऐकत नाहीत. अर्ज मान्य झाला, वेळ मात्र बदलली नाही. मग त्या पेन मिटत म्हणाल्या की एक लक्षात असू द्या, समोरचा वकील याचा फायदा घेईल. आई बहिरी आणि दुभाषी लुळी, असे म्हणायलाही तो कचरणार नाही.

"म्हणू द्या," पोलिक्सेनी म्हणाली. "तो म्हणेल ते मी आसिमिनाला सगळं सांगेन. एक अक्षर गाळणार नाही. तेच माझं काम आहे."

आर्गिरिसलाही तिने कळवले, की येतेय, आणि दुखण्याचे नाव कागदावर आहे, ज्याला वाचायचे त्याने वाचावे. तो म्हणाला की मग निदान आळीपाळीला दुसरा माणूस तरी शोधतो, दुपारपर्यंत. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच तो हे म्हणाला होता.

उरलेले दिवस तिने आरशापुढे काढले. रोज सकाळी, दिवा लावून झाल्यावर, कोमट पाण्याच्या परातीत हात बुडवून ठेवायचे, मग आरशासमोर उभे राहून चोवीस वर्षांचे शब्द एकेक करून बोटांतून वर खेचायचे. सरळ बोटाने जे तूप निघत नाही ते वाकड्या बोटाने काढायचे म्हणतात. इथे बोटच वाकडे मिळालेले, तर निदान तुपाला सोडायचे नाही. 'एकटं सोडणं' आता तिने सबंध अंगात घेतले: खांदा वळवून पाठ फिरवायची, नजर काढून घ्यायची. 'फटका' कोपरात ठेवला. 'आई' हनुवटीपाशीच राहिला, तो काही बोटावर अवलंबून नव्हता. काही शब्द हरले. काही शब्द असे नवे झाले की आरशात तिला क्षणभर मेरोपी दिसली, आणि ती दचकून थांबली, आणि मग थांबली नाही. दुखणे होतेच. एका सकाळी डाव्या हाताचे मधले बोट सोंगटीसारखे सुजून आले आणि ती परातीतल्या पाण्यात रडली. रडून झाल्यावर त्याच पाण्याने तोंड धुतले आणि यादीतला पुढचा शब्द घेतला. गुरुवारी गोळी घेतली. शुक्रवारी मळमळले. शनिवारी आसिमिना आली आणि तिने सबंध दुपार स्वयंपाकघराच्या जमिनीवर पाय आपटले, अकरा वेळा, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने काठीने छत ठोकून उत्तर दिले. दोघी हसल्या. पुन्हा तालमीला लागल्यावर शेवटच्या तासात पाय दोनदाच आपटला.

मंगळवारी ती पाचला उठली, म्हणजे नऊपर्यंत बोटे निदान अर्ध्या वाटेवर येतील. वात पहिल्याच खेपेला लागली. कोमट पाणी, मग आणखी कोमट पाणी. काळा अंगरखा तिने आदल्या रात्रीच गुंड्या लावून ठेवला होता. तो डोक्यावरून घातला. कॉफी दोन तळव्यांत धरून प्यायली. निघताना तिची नजर मेजावरच्या चांदीच्या हातावर गेली. वाटेतच चर्च होते. मावशीने दहादा बजावले होते की लटकव, विसरू नकोस. तिने तो उचलला, मेजाच्या कडेवर त्याची तर्जनी टेकवली आणि तळव्याने दाबली. पातळ पत्रा, सहज वाकला. बरोबर तिच्या बोटाइतका. असा होता तो आता, आणि असाच वाहायचा. बदल्यात काही मागायचे नव्हते, देवमातेला चुकीच्या कामाला लावायचे नव्हते. फक्त तिथल्या रांगेत हा एक वाकडा हातही असावा, एवढेच.

बाहेर उजाडत होते, वारा पडला होता. तिने तो चांदीचा हात खिशात ठेवला, दिव्याचे बटन कोपराने दोनदा दाबले, दिवा दोनदा लुकलुकला, किल्ली बोटांना न विचारता मनगटाने फिरवली, आणि जिन्याचा कठडा धरून ती हळूहळू उतरू लागली.